पाटीवर थाई, पातेल्यात ह्मोंग

गुरुवार : युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू

मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातली जोडशहरे मिसिसिपी नदीच्या काठाने वसलेली असून त्यांच्या मध्यवस्त्या जोडणारी ‘ग्रीन लाइन’ ही हलकी रेल्वे २०१४ साली सुरू झाली. तिचा बराचसा मार्ग युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू या सरळसोट आणि दिसायला अगदी साध्या रस्त्याच्या मधोमध जातो. पर्यटकाने मुद्दाम थांबावे असे या रस्त्यावर वरवर पाहता काही नाही. मोटारीचे सुटे भाग विकणारी दुकाने, विमा आणि कर-सल्ल्याची कार्यालये, दागिन्यांची छोटी दुकाने आणि एकमजली, सपाट छपरांच्या इमारती यांची रांग लागलेली दिसते. परंतु सेंट पॉलमध्ये शिरून वेस्टर्न ॲव्हेन्यूचे स्थानक जवळ आले की पाट्यांवरची आडनावे बदलू लागतात. वांग, शाँग, ली, थाओ, मोआ अशी नावे दिसतात आणि हा भाग ‘लिटल मेकाँग’ म्हणून ओळखला जातो असे सांगणारे फलक दिव्यांच्या खांबांवर झळकतात. लाओसच्या डोंगरांतून युद्धानंतर येथे आलेल्या ह्मोंग समाजाचे ९०,००० हून अधिक लोक आज मिनेसोटात राहतात आणि त्यांतील फार मोठा भाग या जोडशहरांतच आहे. त्यांचे जेवण त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच दरांत जेवावे, एवढ्याच हेतूने मी, माझी पत्नी आणि येथे नोकरीनिमित्त राहणारी माझी भाची असे तिघे बाहेर पडलो होतो.

ज्या खानावळीत आम्ही शिरलो तिच्या पाटीवर ठळक अक्षरांत ‘थाई’ असे लिहिलेले होते आणि ‘ह्मोंग’ हा शब्द त्याखाली, बारीक अक्षरांत. आत आठ-दहा टेबले, प्रत्येकावर फिश सॉस, लाल तिखट सॉस, साखर आणि कुटलेली सुकी मिरची यांचा तबकातला संच, भिंतीवर दूरचित्रवाणी संच आणि त्यावर ह्मोंग भाषेत ध्वनिमुद्रित केलेली एक थाई मालिका. मागणी गल्ल्यावर उभे राहून नोंदवायची, पैसे तेथेच द्यायचे आणि क्रमांक पुकारला की ताट उचलून आणायचे, अशी पद्धत होती. गल्ल्याच्या वरच्या फलकावर पदार्थांची छायाचित्रे लावलेली होती व त्यांचा क्रम मला लक्षात ठेवण्याजोगा वाटला. सर्वांत वर पाद थाई, म्हणजे परतलेल्या थाई नूडल्स, मग लाल, हिरवी आणि पिवळी करी, मग परतलेला भात, मग तळलेले एग रोल. तळाच्या ओळीत मात्र छायाचित्रही नसलेले दोन-तीन पदार्थ नुसत्या अक्षरांत लिहिलेले होते. उकडलेले पोर्क आणि मोहरीचा पाला, उकडलेली कोंबडी आणि वनौषधी, भात आणि मिरचीचा ठेचा.

भाचीने पाद थाई घेतली, पत्नीने कोंबडीचे लाप घेतले आणि मी तळाच्या ओळीवर बोट ठेवले. गल्ल्यावरच्या तरुणीने, अगदी आदबीने, ‘हे आपण पूर्वी खाल्ले आहे का? याला मसाला नसतो,’ असे विचारले. तिच्या प्रश्नात नकार नव्हता, केवळ पूर्वसूचना होती, कारण थाई जेवणाच्या अपेक्षेने आलेला पाहुणा हा वाडगा पाहून बहुधा निराश होत असणार.

वाडगा आला तेव्हा तिची सूचना किती शब्दशः खरी होती ते कळले. पारदर्शक पाणी, त्यात हाडासकट आणि चरबीसकट तोडलेले पोर्कचे तुकडे, मूठभर मोहरीचा पाला, मीठ आणि गवती चहाचा एक ठेचलेला दांडा. याखेरीज त्यात काहीही नव्हते. सोबत वाफाळलेला पांढरा भात आणि छोट्या वाटीत हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लसूण व फिश सॉस घालून कुटलेली चटणी. ह्मोंग लोक तिला ‘कुआ त्सॉ’ म्हणतात. आपल्याकडच्या खर्ड्यातून तेल आणि शेंगदाणे वजा करून त्यात माशाचा खारटपणा मिसळला तर जी चव होईल, तिच्या अगदी जवळ जाणारी ही चव आहे. हे जेवण जेवण्याची एक रीत आहे आणि ती शेजारच्या टेबलावरच्या वृद्ध जोडप्याकडे पाहून आम्ही उचलली. मांसाचा तुकडा मिरचीत किंचित बुडवून खायचा, त्यावर भाताचा घास घ्यायचा आणि मग चमचाभर गरम पाणी पिऊन तोंड पुन्हा कोरे करायचे. मीठ पाण्यात असते, तिखट वाटीत असते आणि त्यांचे प्रमाण जेवणारा घासागणिक स्वतः ठरवतो; स्वयंपाक करणारीने ते त्याच्या वतीने आधीच ठरवून टाकलेले नसते. मोहरीच्या पाल्याचा किंचित कडवटपणा पोर्कच्या चरबीला जागच्या जागी रोखतो. दोन-चार घासांनंतर या जेवणाला मसाल्याची उणीव आहे असे मला वाटेनासे झाले आणि समोरची पाद थाई चाखली तेव्हा ती मला अकारण गोड लागली.

लाप मात्र सर्वांना आवडले. बारीक कापलेल्या कोंबडीत लिंबाचा रस, पुदिना, कोथिंबीर, कांद्याची पात आणि भाजून कुटलेल्या तांदळाची भरड घातलेली असते व त्या भरडीमुळे लापाला दाताखाली किंचित खरखर येते. हा मूळचा लाओ लोकांचा पदार्थ आहे, परंतु लाओसच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्याने तो ह्मोंगांच्या लग्नकार्यांतही पक्का रुजलेला आहे.

परतताना गाडीत माझ्या मनात ती पाटी घोळत होती. पाद थाई हा पदार्थ थायलंडमध्ये राष्ट्रीय म्हणून रुजला तो पंतप्रधान फिबूनसोंगक्राम यांच्या १९३८ ते १९४४ या कारकिर्दीत, सरकारने नूडल्स खाण्याचा पुरस्कार केल्यामुळे. पुढे २००२ च्या सुमारास थाई सरकारने परदेशांत थाई उपाहारगृहांची संख्या वाढावी म्हणून रीतसर योजना आखली. एवढ्या पाठबळामुळे जगाच्या कोणत्याही शहरात ‘थाई’ ही पाटी वाचून गिऱ्हाईक आत येते. ह्मोंगांच्या मागे असे कोणतेही राष्ट्र नाही. दक्षिण चीनच्या डोंगरांतून एकोणिसाव्या शतकात व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडकडे सरकलेला हा समाज सर्वत्र अल्पसंख्यच राहिला. तेव्हा उकडलेल्या पाल्याच्या जोरावर भाडे भरता येत नसेल तर शेजाऱ्याचे प्रसिद्ध नाव दारावर लावणे यात मला लबाडी दिसत नाही. तो शहाणपणाचा हिशेब आहे.

शुक्रवार : स्मारक आणि कोमो ॲव्हेन्यूचा बाजार

सकाळी मिनेसोटा राज्याच्या विधानभवनाच्या आवारात गेलो. कॅस गिल्बर्ट या वास्तुविशारदाने रचलेली, १९०५ साली पूर्ण झालेली ही पांढऱ्या संगमरवरी घुमटाची इमारत भव्य आहे, पण आमचे काम तिच्यासमोरच्या हिरवळीवर होते. तेथे लाओसमध्ये अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या सैनिकांचे स्मारक २०१६ पासून उभे आहे. बांबूच्या कोंबासारखा वर आलेला धातूचा आकार आणि त्याच्या पानांवर कोरलेली युद्धाची आणि पलायनाची दृश्ये असे त्याचे रूप आहे. जेवणाच्या वर्णनात युद्धाला जागा का द्यावी, असे कोणी म्हणेल. परंतु या शहरात ह्मोंग खानावळ असण्याचे दुसरे कोणतेही कारण नाही.

१९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या गुप्तचर संघटनेने, म्हणजे सीआयएने, लाओसमधील कम्युनिस्ट फौजांविरुद्ध आणि उत्तर व्हिएतनामच्या रसदमार्गांविरुद्ध लढण्यासाठी डोंगरांतील ह्मोंग तरुणांची फौज उभी केली. जनरल वांग पाओ हे तिचे सेनापती आणि लाँग तिएंग हे तिचे मुख्य ठाणे. अमेरिकेच्या नागरिकांना हे युद्ध चालू आहे याची वर्षानुवर्षे अधिकृत कल्पना नव्हती. मे १९७५ मध्ये लाँग तिएंग पडले, विमानांतून थोडेच लोक बाहेर काढता आले आणि उरलेल्यांनी जंगलांतून चालत, मेकाँग नदी ओलांडून थायलंड गाठले. तेथील लोएई प्रांतातील बान विनाय ही त्यांची सर्वांत मोठी छावणी १९९२ पर्यंत चालली; आणि वाट थाम क्राबोक या बौद्ध मठाच्या आश्रयाला राहिलेल्या शेवटच्या मोठ्या समुदायाला अमेरिकेने २००४ च्या सुमारास प्रवेश दिला. मिनेसोटात पहिली कुटुंबे १९७५-७६ मध्येच आली होती. चर्चसंस्थांनी त्यांची जबाबदारी घेतली आणि पुढे नात्यागोत्यांच्या ओढीने इतर राज्यांतील कुटुंबेही येथे जमली. बर्फात सहा महिने गाडलेल्या या प्रदेशात उष्ण कटिबंधातल्या डोंगरी लोकांनी घर करावे, याचे नवल स्मारकासमोर उभे राहिले असता अधिकच वाटते.

विधानभवनापासून कोमो ॲव्हेन्यूवरील ‘ह्मोंगटाउन मार्केटप्लेस’ जवळच आहे. पूर्वी येथे लाकडाची वखार होती. २००४ मध्ये एका ह्मोंग उद्योजकाने तिचा बाजार केला आणि आज त्यात दोनशेहून अधिक गाळे आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला पत्र्याची शेड आणि वाहनतळ याखेरीज काही दिसत नाही. आत मात्र भरतकाम केलेल्या, नाण्यांच्या झालरी लावलेल्या पोशाखांचे गाळे, सुकवलेल्या मुळ्या आणि साली विकणारे वैदू, थाई मालिकांच्या डीव्हीडी, लोखंडी कोयते, मुलांची खेळणी आणि या सर्वांच्या पलीकडे खाद्यपदार्थांचे दालन आहे. दोन ठिकाणी भरतकामाच्या गोष्टीरूप चादरी टांगलेल्या होत्या. शेत, गाव, विमाने, पळणारी माणसे, नदी आणि पलीकडची छावणी असा प्रवास त्यांवर धाग्याने रेखाटलेला असतो. हा प्रकार छावण्यांत वाढला, कारण तेथे बायकांच्या हाताला वेळ होता आणि परदेशी मदतकार्यकर्त्यांच्या रूपाने गिऱ्हाईकही होते.

खाद्यदालनात आम्ही पपईच्या कोशिंबिरीच्या गाळ्यासमोर रांगेत उभे राहिलो. उभट मातीचे उखळ, लाकडी मुसळ आणि दुसऱ्या हातात मोठा चमचा घेऊन एक मावशी अखंड कुटत होत्या. प्रत्येक कोशिंबीर वेगळी कुटली जाते व त्यासाठी गिऱ्हाईकाला दोन प्रश्न विचारले जातात, मिरच्या किती आणि पद्धत कोणती. थाई पद्धतीत शेंगदाणे, सुकी कोळंबी आणि गोडवा असतो. लाओ आणि ह्मोंग पद्धतीत आंबवलेल्या माशांचा गढूळ रस आणि आंबवलेल्या खेकड्यांची काळी चटणी पडते. आम्ही दोन्ही घेतल्या. लसूण आणि मिरची आधी कुटून मग चिंचेचा कोळ, लिंबू, चेरी टोमॅटो, चवळीच्या शेंगांचे तुकडे आणि शेवटी कच्च्या पपईचा कीस पडतो. मुसळाचे घाव हलके असतात, पपईचा लगदा न होता ती फक्त नरम पडून रस पिते. दर वेळी मावशी चमच्याच्या टोकाने चव घेत आणि गिऱ्हाईकालाही चाखायला देत, काही कमी-जास्त करायचे असल्यास तेव्हाच सांगायचे. अजिनोमोटोचा डबा उघडपणे शेजारी ठेवलेला होता आणि त्याविषयी कोणाला काही वाटत नव्हते.

थाई पद्धतीची कोशिंबीर चटकदार आहे, पहिल्याच घासाला आवडते. खेकड्याची मात्र पहिल्या घासाला नाकाशी झगडते. तिचा दर्प उग्र, रंग मळकट आणि चव खोल आहे, आणि सुके बोंबील किंवा जवळा खाण्यात वाढलेल्या माणसाला तिची ओळख पटायला वेळ लागत नाही असे मी पैजेवर सांगेन. भाचीने ती बाजूला सारली, मी आणि पत्नीने वाडगा संपवला.

सोबत चिकट भात घेतला. हा तांदूळ रात्रभर भिजवून, अरुंद गळ्याच्या भांड्यावर ठेवलेल्या शंकूच्या आकाराच्या बांबूच्या टोपलीत वाफवतात. त्यात थोडा काळा चिकट तांदूळ मिसळला की सगळ्या भाताला जांभळा रंग चढतो. येथे तो लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देतात. हाताने त्याची गोळी करून ती कोशिंबिरीच्या रसात टेकवायची आणि खायची, चमच्याचे तेथे काही काम नाही. शेवटी ‘ना वा’ घेतले. आपला साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो, त्याच्याच पिठाचे रंगीत दाणे नारळाच्या दुधात आणि साखरेच्या पाकात बर्फासह घातलेले हे पेय एका मोठ्या पेल्यात मिळते आणि मिरच्यांनी पेटलेल्या जिभेवर त्याचा उपाय तत्काळ चालतो. तिघांचे मिळून सर्व काही चाळीस डॉलरांच्या आत आटोपले. काही गाळ्यांवर केवळ रोख पैसे घेतात, तेव्हा खिशात सुट्या नोटा असाव्यात.

शनिवार : भाजीबाजार आणि ह्मोंग व्हिलेज

पत्नी शनिवारी सामिष खात नाही. या जेवणात तिचे काय होणार, हा प्रश्न घेऊनच दिवस उजाडला.

सेंट पॉलच्या लोअरटाउन भागातील शेतकरी बाजार सकाळी लवकर भरतो आणि तेथे आसपासच्या शेतांतला मालच विकता येतो. सप्टेंबरचे दिवस होते, त्यामुळे बाजार ऐन भरात होता. विक्रेत्यांत ह्मोंग कुटुंबांची संख्या लगेच नजरेत भरते. आजी मोजदाद करते, मधली पिढी माल उतरवते आणि इंग्रजी फाडफाड बोलणारा दहा-बारा वर्षांचा नातू गिऱ्हाईकांशी व्यवहार करतो, अशी कामाची वाटणी जवळजवळ प्रत्येक टेबलावर होती. पूर्वी डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्या या लोकांना अमेरिकेत आल्यावर शेतीच जवळची वाटली, पण जमीन मात्र वर्षावर्षाच्या भाड्याने मिळे आणि पुढच्या वर्षी तीच मिळेल याची खात्री नसे. २०११ मध्ये ह्मोंग शेतकऱ्यांनी स्वतःची संघटना स्थापन केली आणि आज डकोटा काउंटीत तिच्या सुमारे १५५ एकर जमिनीवर अनेक कुटुंबे भाजीपाला पिकवतात. भाड्याची जमीन आणि स्वतःची जमीन यांतला फरक मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको.

टेबलांवर गाजरे आणि मक्याच्या कणसांबरोबर भोपळ्याच्या वेलांचे कोवळे शेंडे, कारल्याचा पाला, मोहरीचा पाला, गवती चहा, छोटी हिरवी थाई वांगी, हिरव्या-लाल मिरच्या आणि शेपूच्या जुड्या होत्या. गुरुवारच्या वाडग्यातील पाला येथूनच जातो. भोपळ्याचे शेंडे कसे करायचे, असे भाचीने एका आजींना विचारले. देठांवरच्या शिरा सोलायच्या, तोडायचे, उकळत्या पाण्यात घालायचे, मीठ घालायचे, एवढेच त्यांनी नातवाकरवी सांगितले. फोडणीचे नाव नाही. त्यांच्या उत्तरात ज्या पदार्थाचे वर्णन होते तो घरोघरी रोज होतो, पण खानावळीच्या फलकावर तो मी कोठेही पाहिला नाही. जे घरी फुकट आणि चांगले मिळते, त्यासाठी बाहेर कोण पैसे देईल?

दुपारी शहराच्या पूर्व भागातील जॉन्सन पार्कवेवरच्या ‘ह्मोंग व्हिलेज’मध्ये गेलो. जुन्या गोदामात २०१० मध्ये सुरू झालेला हा दुसरा मोठा बाजार पहिल्यापेक्षा अधिक गजबजलेला आणि बंदिस्त आहे. खाण्याचे गाळे एका लांब बोळाच्या दुतर्फा आहेत आणि प्रत्येकाच्या काचेमागे तेच पदार्थ मांडलेले असल्यामुळे निवड कशी करावी हे कळत नाही. आम्ही सर्वांत लांब रांग निवडली, ही युक्ती कोणत्याही देशात सहसा चुकत नाही.

काचेमागे भरलेले कोंबडीचे पंख होते. पंखातील हाडे वरच्या बाजूने काढून त्या पोकळीत मुगाच्या पारदर्शक शेवया, कोबी, गाजर आणि पोर्कचे सारण ठासून भरतात आणि मग तो पंख भाजतात किंवा तळतात. एक पंख खाल्ला तरी जेवण झाल्यासारखे होते. आले, गवती चहा आणि मिरची घातलेले जाडसर कुटलेल्या पोर्कचे सॉसेज होते, आणि कुरकुरीत सालीचे तळलेले पोर्क तर वजनावर, सुरीने खटाखट तोडून देत होते. सॉसेज मला फारच आवडले. त्यात मांसाचे तुकडे ओळखू येतील एवढे मोठे ठेवलेले असतात व चिकट भात, मिरचीची चटणी आणि हे सॉसेज एवढ्यावर एका माणसाची दुपार बारा-पंधरा डॉलरांत भागते.

शाकाहाराची स्थिती अशी होती. फिश सॉस येथे मिठाच्या जागी वापरला जातो, त्यामुळे भाज्या परतलेल्या दिसल्या तरी त्या शाकाहारी असतीलच असे नाही. टोफूच्या करीतही तो असतो आणि थाई करीच्या तयार वाटणात बहुधा कोळंबीचा खार असतो. पपईची कोशिंबीर नुसत्या मिठावर करून देण्याची तयारी एका बाईंनी आपण होऊन दाखवली, पण उखळ तेच असल्याने पत्नीने विनयपूर्वक नकार दिला. तिने जांभळा चिकट भात, फणसाचे गरे, उसाचा ताजा रस आणि ना वा यांवर दुपार काढली आणि आपल्याला काही कमी पडले नाही असे सांगितले. कडक शाकाहारी व्यक्तीने मात्र या वस्तीत जेवायच्या इराद्याने येऊ नये, फळे आणि भाजी घ्यायला अवश्य यावे. गोमांस टाळणाऱ्यानेही फूचे, म्हणजे नूडल्सच्या सूपचे, पाणी कशाचे आहे ते विचारून घ्यावे, कारण वर कोंबडीचे तुकडे असले तरी खालचे पाणी गाईच्या हाडांचे असू शकते.

परत निघताना एका गाळ्यावर हिरव्या औषधी पाल्याच्या जुड्या ओल्या कागदात गुंडाळून ठेवलेल्या दिसल्या. उकडलेल्या कोंबडीत घालावयाचा हा पाला. बाळंतिणीला महिनाभर, तीनही वेळा, या पाल्यात उकळलेली कोंबडी आणि गरम भात एवढेच देण्याची ह्मोंगांची रीत आहे. थंड पाणीदेखील वर्ज्य. सेंट पॉलमधील नोकरदार मुलीही बाळंतपणात ही रीत पाळतात, असे विक्रेती सांगत होती. पत्नीने त्या जुड्या हातात घेऊन वास पाहिला आणि दोघींची, भाचीच्या दुभाषेपणाच्या आधारे, डिंक, आळीव आणि हा पाला यांवर चांगली दहा मिनिटे चर्चा झाली.

रविवार : पुन्हा युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू

रविवारी दुपारी आम्ही पुन्हा त्याच खानावळीत गेलो. गुरुवारी अर्धी रिकामी असलेली जागा आता तीन-तीन पिढ्यांच्या कुटुंबांनी भरलेली होती आणि टेबलांवर पाद थाई क्वचितच दिसत होती. बहुतेकांसमोर ‘खाउपोंग’चे मोठे वाडगे होते. तांदळाच्या शेवयांवर नारळाचे दूध आणि लाल करीचे वाटण घातलेले पातळ, उष्ण कालवण, त्यात कोंबडीचे धागे, बांबूचे कोंब, आणि वरून जेवणाऱ्याने स्वतः घालायची कच्ची कोबी, पुदिना, कोथिंबीर, केळफुलाचे काप व लिंबू असा हा पदार्थ आहे. लाओसमधून आलेला, थाई वाटणावर तयार होणारा आणि आता ह्मोंगांच्या प्रत्येक समारंभात असणारा हा वाडगा कोणाचा मानावा, हे ठरवणे अवघड आहे. शेजारच्या टेबलावरील एक वयस्क गृहस्थ भाचीशी इंग्रजीत बोलू लागले. ते म्हणाले की लहानपणी त्यांच्या डोंगरावरच्या गावात नारळ नव्हता आणि फिश सॉसही नव्हता, मीठच काय ते होते. शेवयांचा हा वाडगा आणि पपईची कोशिंबीर त्यांनी पहिल्यांदा खाल्ली ती थायलंडमधल्या छावणीच्या बाजारात. फलकावरच्या वरच्या ओळी छावणीच्या आणि तळाची ओळ डोंगरावरची, असा त्या दरपत्रकाचा उलगडा मला तेव्हा झाला. केवळ गिऱ्हाईक ओढण्यासाठी ते थाई पदार्थ ठेवलेले आहेत हा गुरुवारचा माझा तर्क अर्धाच पुरेसा होता. दहा-पंधरा वर्षे छावणीत काढलेल्या माणसाला थाई जेवणही आपलेच वाटत असणार.

अलीकडे हे जेवण महागड्या टेबलांवरही पोचले आहे. बान विनाय छावणीतच जन्मलेले शेफ यिआ वांग यांनी २०२४ मध्ये मिनिआपोलिसमध्ये त्याच छावणीच्या नावाचे ‘विनाय’ हे उपाहारगृह उघडले, आणि त्याच वर्षी डायान मोआ यांचे ‘डायान्स प्लेस’ही सुरू झाले. दोन्हींचे कौतुक देशभर झाले, आणि त्याचा आनंदच आहे. तेथे ह्मोंग हा शब्द पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहावा लागत नाही. भाचीने तेथे नेण्याची तयारी दाखवली होती. परंतु तेथील एका माणसाच्या खर्चात आम्हा तिघांचे दोन वेळा जेवण या रस्त्यावर होते, आणि जेवणाऱ्यांत आजी-आजोबा किती आहेत हे पाहून खानावळ पारखण्याची माझी जुनी सवय आहे. त्या निकषावर रविवारची ही जागा निर्विवाद पहिली ठरते.

या वेळी आम्ही तिघांसाठी एकच मोठा वाडगा उकडलेल्या कोंबडीचा घेतला, शनिवारी पाहिलेल्या पाल्यासकट, आणि जोडीला भात व मिरची. कोंबडी ब्रॉयलर नव्हती, कठीण मांसाची आणि रसदार हाडांची होती. तिचे पाणी पिवळसर, वर तेलाचे बारीक थेंब तरंगणारे आणि औषधी पाल्याने किंचित कडू. भाचीने, जिने गुरुवारी माझ्या वाडग्याला हात लावला नव्हता, शेवटचे पाणी वाडग्यातून थेट प्यायले. गल्ल्यावरच्या तरुणीने या वेळी कोणतीही पूर्वसूचना दिली नाही, फक्त एवढे सांगितले की रविवारी ही कोंबडी एक वाजेपर्यंत संपते, तेव्हा पुन्हा येणार असलात तर साडेअकराला या, आणि वाहनतळ मागच्या गल्लीत आहे.